चिकाटीचा रकाना

शिट्टीबाईच्या गळ्यात कायम एक शिट्टी असे, म्हणून ती शिट्टीबाई. बॉक्सिंगच्या एका प्रशिक्षण केंद्रात खेळाडूंच्या तंदुरुस्तीच्या चाचण्या घेणं हे तिचं काम. कोण किती पळतो, किती उंच उडी मारतो, चढलेला दम किती वेळात उतरतो, हे ती मोजायची आणि लिहून ठेवायची. वय बेचाळीस, अंगाने काडी, पण आवाज असा की पंचिंग बॅगा बडवणारे तीस गडी एका हाकेत गप्प व्हावेत. केंद्राचा मुख्य प्रशिक्षक तिचा सख्खा थोरला भाऊ होता. खेळाडू त्याला सर म्हणत. ती दादा म्हणे. चारचौघांत तसं म्हटलेलं त्याला खपत नसे, तरी म्हणे.

दादाच्या जिवावरच ती वाढली होती. तिच्या लहानपणी बाबा मारायचे. दारू पीत नसत, नुसतेच मारायचे. दारूचं निमित्त असतं तर आईला लोकांना सांगायला तरी सोपं गेलं असतं. एका दुपारी त्यांनी आईचा हात पिरगाळला आणि हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात सगळ्यांनी ऐकला. दादा तेव्हा सतरा वर्षांचा, नुकताच बॉक्सिंगला जायला लागलेला. त्याने बाबांना भिंतीशी धरलं आणि मारत राहिला. बाबांचे दोन दात ओट्यावर पडले, एक डोळा मिटला, तरी तो थांबला नाही. दमला तेव्हा थांबला. बाबा तसेच अडखळत घराबाहेर पडले ते कायमचे. नऊ वर्षांची शिट्टीबाई टेबलाखालून हे बघत होती. तिला भीती वाटली नाही. आता शांत झोप लागेल, एवढंच तिच्या मनात आलं.

पुढे दादाने घर ओढलं, तिला शिकवलं. चाचण्यांचं शास्त्र शिकून ती परत आली तेव्हा केंद्रात तिच्यासाठी जागा त्यानेच भांडून मिळवली. त्यामुळे तो खेळाडूंच्या कानशिलात वाजवायचा तेव्हा ती दुसरीकडे बघायची. घरातला माणूस घरातल्यासारखाच वागणार, असं ती स्वतःला समजवायची.

तिच्या कामात मात्र ती कोणाच्या बापाला ऐकत नसे. चाचणीचा दिवस ठरला की आठवडाभर आधीपासून तिची भुणभुण सुरू. दोन दिवस आधी जड सराव बंद. दोन तास आधी पोटभर खायचं नाही. गेल्या वेळी जे बूट होते तेच घालून यायचं, आणि कोणते होते ते तिच्या वहीत लिहिलेलं असे, त्यामुळे थाप चालत नसे. पळण्याचं वीस मीटर अंतर ती लोखंडी टेपने दोनदा मोजायची, कारण कापडी टेप ताणली जाते आणि ताणलेल्या टेपने माणूस खोटाच मंद ठरतो. हॉलच्या खिडक्या उघडून आतली उष्णता बघायची. वेळही दर वेळी तीच, सकाळी सातची. “आज तू वाईट पळालास असं मला म्हणायचं असेल,” ती सांगे, “तर तुझ्याशिवाय दुसरं काहीही बदललेलं नसलं पाहिजे.” थांबवायचं कधी तेही आधी ठरलेलं असे: छातीत दुखलं, तोल गेला, ओठ पांढरे पडले, बोलणं अडखळलं की शिट्टी. खेळाडू स्वतः थांबतो म्हणाला तर त्याला थांबू द्यायचं, का ते नंतर विचारायचं. आणि फाटकाशी रुग्णवाहिका उभी हवी. सहा वर्षं ती गाडी दर चाचणीला येऊन नुसती उभी राहून गेली होती. चालक गाडीत पेपर वाचत बसे. दादा म्हणे, आमच्या बाईसाहेबांची स्वारी गाडीशिवाय हलत नाही.

तिचं झालं की दादाची चाचणी असे. तिला तो ‘चिकाटी’ म्हणायचा. पळून पळून पायांतला जीव गेलेल्या खेळाडूला तो रिंगमध्ये उभा करी आणि त्याच्यावर तीन ताजे गडी एकामागून एक सोडी, प्रत्येकी दोन मिनिटं. डोक्याला हेडगार्ड नाही. थांबवायचं कधी, तर पडल्यावर. पडून उठला तर जास्त गुण. एकाचं नाक असं फुटलं होतं, की ते पुन्हा सरळ झालंच नाही. एकाला कानाचा पडदा फाटून आठ महिने शिट्टी ऐकू येत नव्हती. मग दादा मनाला येईल तो आकडा निकालपत्रात भरी. शेवटचाच रकाना तो, धाव आणि उडीच्या शेजारी: चिकाटी, दहापैकी. त्याच्या खाली चाचणी घेणाऱ्याची सही लागे, आणि चाचणी घेणारी ती होती. पहिल्या वर्षी ती त्याला म्हणाली होती, की हे मोजमाप नाही, ही मारहाण आहे. त्याने हसून तिच्या डोक्यावर टपली मारली होती. तिने सही केली होती. नंतरच्या वर्षी तिने काही म्हटलंच नाही.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेसाठी निवड होती. हलक्या वजनात एकच जागा, आणि ती डावऱ्याची असं सगळे धरून चालले होते. डावऱ्या म्हणजे डावखुरा म्हणून डावऱ्या. चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, घरी दीड वर्षाची मुलगी. रिंगमध्ये सुरीसारखा चालायचा, बाहेर मात्र कोणी चहा सांडला तरी आपणच माफी मागायचा. दादाचा त्याच्यावर भारी जीव होता, आणि दादाचा जीव असणं हे अंगाला सोसणारं नव्हतं. निवड चाचणीच्या नऊ दिवस आधी सराव लढतीत डावऱ्याने उजवा हात दोनदा खाली आणला. दादा दोऱ्यांमधून आत शिरला, म्हणाला की हात खाली आणला की काय होतं ते दाखवतो, आणि ग्लोव्हज न घालताच त्याच्या कानामागे ठोसा घातला. डावऱ्या बुंध्यातून कापलेल्या झाडासारखा आडवा झाला. मिनिटभर शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला तो विचारत होता, की आपण जिंकलो का. हॉलमधले सगळे हसले, कारण सर हसले.

शिट्टीबाई त्या दिवशी केंद्रात नव्हती. तिला कोणी सांगितलं नाही.

चाचणीच्या सकाळी तिने नेहमीसारखे प्रश्नांचे कागद वाटले. गेल्या महिन्यात ताप आला का, छातीत दुखलं का, डोक्याला मार लागला का. डावऱ्याने सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. मग एकेकाला बोलावून ती नाडी बघू लागली, आणि तोल. तोलाची चाचणी अगदी साधी: अनवाणी, एका पायावर, हात कमरेवर, डोळे मिटून वीस सेकंद. पाय टेकला, हात सुटला, डोळे उघडले की एक चूक. तीन महिन्यांपूर्वी डावऱ्याच्या तीन चुका झाल्या होत्या. आज अकरा झाल्या.

तिने फरशी बघितली. कोरडी होती. तिने त्याला दहा मिनिटं बसवलं, पाणी दिलं, पुन्हा उभं केलं. बारा.

“झोप नाही झाली, मॅडम,” तो म्हणाला. “मुलीचे दात येतायत.”

“मुलीचे दात येऊन तुझा तोल जात नाही. कोणी मारलं?”

तो वाकून बूट घालायला लागला. त्याच्या मागे रांगेत ताड उभी होती. ताड ही स्त्रियांच्या संघातली सगळ्यात उंच बॉक्सर, जिच्या हातांना दारं ठेंगणी पडायची. तीच म्हणाली, “सरांनी. नऊ दिवस झाले. बेशुद्ध होता.”

तिने सांगितलेलं सगळं ऐकताना शिट्टीबाईच्या हातातलं पेन थांबलं होतं. मग तिने डावऱ्याच्या नावापुढे लिहिलं: आज कोणतीही चाचणी नाही, पळणंही नाही, आधी डॉक्टर. खाली वेळ टाकली, सात वाजून पंचवीस. त्याला बाकावर बसवलं आणि बाकीच्यांची धाव घेतली.

दादा साडेआठला आला. अंगात बिनबाह्यांचा बनियन, हाताला पट्ट्या गुंडाळलेल्या. त्याने यादी घेतली, वाचली, आणि डावऱ्याला हाक मारली, की चल, पहिला तू. डावऱ्या उठला. उठताना त्याने भिंतीला हात लावला, तो तिने पाहिला.

तिने दादाला बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. आकडे सांगितले. डोक्याला एकदा मार बसलेला माणूस पुन्हा तिथेच मार खाऊन मरू शकतो, हे सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “एका पायावर उभं राहून कोणी जगज्जेता झालेला नाही, छकुले. बगळा तेवढा झाला असेल.”

गडी हसले, पण त्या हसण्यात दम नव्हता.

डावऱ्या रिंगमध्ये चढला. ती त्याच्या मागून रिंगच्या कडेला गेली आणि त्याला खाली उतर म्हणाली. तो तिच्याकडे बघून ओशाळवाणा हसला. जागा एकच होती, आणि ती सरांच्या हातात होती. पहिला गडी म्हणून दादाने रेड्याला सोडलं. रेडा म्हणजे डावऱ्यापेक्षा पंधरा किलोने जड, मानेचा पत्ता नसलेला आणि मनाने लोण्याचा. त्याने दोन-चार ठोसे असेच दंडावर मारले. दादा ओरडला तसे मग छातीवर मारले, एक जबड्यावर. डावऱ्याचं डोकं मागे गेलं आणि त्याचे गुडघे हलले.

शिट्टीबाईने शिट्टी वाजवली.

रेडा थांबला. सहा वर्षांची सवय होती. त्याने दोन्ही हात खाली घेतले. दादा दोऱ्यांखालून आत गेला आणि त्याने रेड्याच्या कानाखाली अशी भडकावली, की त्याच्या तोंडातलं माउथगार्ड दोऱ्यांपार उडून फरशीवर पडलं. चालू कर, तो म्हणाला. रेड्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ग्लोव्हज दातांनी सोडायला सुरुवात केली. “मी नाही मारणार, सर. याला बघा तरी,” तो म्हणाला. दादाने त्याला पोटात दुसरी लगावली. रेडा वाकला, पण ग्लोव्हज काढून त्याने खाली टाकलेच.

हॉलमध्ये आपलं न ऐकणारा माणूस दादाने वीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या मानेवरची शीर टरारून आली. ती शीर शिट्टीबाईच्या ओळखीची होती; बाबांचीही अशीच फुगायची. तो डावऱ्याकडे वळला.

ती दोऱ्यांमधून आत शिरली आणि मध्ये उभी राहिली. तिने त्याच्या छातीवर तळवे टेकले आणि म्हणाली, “दादा, बास. मी चाचणी थांबवली आहे.” त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार ढकलावं तसा कोपर मारला. तो तिच्या तोंडावर बसला, ती मागे कोपऱ्यातल्या खांबावर आदळली आणि खाली बसली. वरचा ओठ फाटला होता. जिभेला काहीतरी टोचलं, ते तिने तळहातावर थुंकलं. अर्धा दात होता.

तेवढ्यात दादाने मारलं. डावऱ्याने उजवा हात वर घ्यायचा प्रयत्न केला, पण हात अर्ध्यावरच राहिला. पहिला ठोसा गालाच्या हाडावर बसला, दुसरा पुन्हा त्याच जागी, कानामागे. डावऱ्या दोऱ्यांवर पडला आणि दोऱ्यांवरून घसरत खाली आला. कुशीवर वळून ओकला. दादाने त्याच्या बनियनला धरून त्याला बसतं केलं. ऊठ, तो म्हणत होता, पडून उठायचं असतं, नाटकं करू नकोस, ऊठ. डावऱ्याचं डोकं मुलीच्या बाहुलीसारखं लुळं झालं होतं. त्याच्या डाव्या डोळ्यातली बाहुली काळी, मोठी झाली होती, उजवी होती तेवढीच होती. शिट्टीबाईला ते पाच हातांवरून दिसलं. दादाला हातभर अंतरावरून दिसत नव्हतं. त्याने उजवी मूठ मागे नेली.

उडी मोजण्याच्या स्टँडची लोखंडी दांडी रिंगच्या कडेला पडलेली होती. तिने ती उचलली आणि दोन्ही हातांनी दादाच्या मनगटावर मारली.

सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मूठ उघडली, हात नको तिथून वाकला आणि डावऱ्याचा बनियन त्याच्या हातातून सुटला. दादाने वळून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि कसं कोण जाणे, ते पाहून तिच्या डोक्यात काहीतरी फुटलं. तो हात आता कोणाला मारू शकणार नव्हता. हे तिला कळत होतं. तरी तिने दांडी पुन्हा उचलली आणि त्याच हाताच्या बोटांवर घातली. त्याने तो हात दोरीवर टेकवला होता, आधारासाठी.

दादा खाली बसला. तिने तिसऱ्यांदा दांडी उचलली तेव्हा ताडने मागून तिला कवेत धरलं. “मॅडम,” ती कानाशी म्हणाली, “डावऱ्याला फिट येतेय.”

मग तिचे हात आपोआप कामाला लागले. डावऱ्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, डोक्याखाली टॉवेल दिला, किती वाजले ते मोठ्याने म्हटलं म्हणजे कोणीतरी लक्षात ठेवेल. तिच्या फाटलेल्या ओठातलं रक्त त्याच्या बनियनवर गळत होतं. रेडा फाटकाकडे धावला होता. चालकाने पेपर टाकला आणि चार मिनिटांत स्ट्रेचर रिंगपाशी आलं. ताड आणि रेड्याने एका टोकाला धरलं. जाताना कोणीतरी विचारलं, की सरांचं काय. त्यांना दुसरी गाडी बोलवा, ती म्हणाली, आणि गाडीचं दार लावून घेतलं.

रुग्णालयात डावऱ्याची कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. अर्धा तास उशीर झाला असता तर उघडायची गरज पडली नसती, असं शल्यविशारद म्हणाला. दालनाबाहेर डावऱ्याची बायको मुलीला खांद्यावर घेऊन उभी होती. शिट्टीबाई तिच्याजवळ गेली. त्या बाईने तिचा सुजलेला चेहरा नीट निरखला, आणि मग विचारलं, “तुम्ही इतकी वर्षं काय करत होता?”

शिट्टीबाई तिथेच शेजारी, भिंतीला टेकून उभी राहिली. संध्याकाळी डावऱ्या जगेल असं कळलं. तो बाराव्या दिवशी शुद्धीवर आला. उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती.

चौकशी समिती बसली. तीन माणसं, लांब टेबल. शिट्टीबाई सहा वर्षांची निकालपत्रं घेऊन गेली आणि त्यांच्यासमोर ठेवली. समितीतल्या वयस्क बाईंनी चष्मा खाली करून विचारलं, की हा चिकाटीचा रकाना कसा मोजतात. तिने सांगितलं. गडी किती, मिनिटं किती, हेडगार्ड कसं नसतं, कोणाचं नाक, कोणाचा कान. सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. बाईंनी विचारलं, खाली सही कोणाची.

“माझी.”

“प्रत्येक कागदावर?”

“प्रत्येक. एकशे चौदा आहेत. मी काल मोजले.”

पोलिसांनी तिचा जबाब वेगळा घेतला. फौजदार भला माणूस होता. त्याने तिला वाट काढून द्यायचा प्रयत्न केला: भावाने मारायला हात उगारला, तुम्ही खेळाडूला वाचवायला मारलंत, एकदा, बरोबर? तिने नाही म्हटलं. दोनदा मारलं. पहिला फटका थांबवण्यासाठी होता. दुसरा नव्हता. तो कशासाठी होता, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, की मला मारायचं होतं. तेही लिहा. फौजदाराने पेन खाली ठेवलं, कपाळ चोळलं, आणि मग कागदाची एक घडी तिच्यापुढे सरकवली. तिच्या भावाचा जबाब होता तो. त्यात लिहिलं होतं, की हात हॉलच्या लोखंडी दारात सापडला, बहिणीचा काही संबंध नाही. आता दोघांतलं कोणाचं खरं धरू, फौजदार म्हणाला. हॉलमधल्या तीस जणांपैकी एकालाही तिने मारलेलं दिसलं नव्हतं. सगळे त्या वेळी डावऱ्याकडे बघत होते म्हणे.

त्यामुळे तिच्यावर खटला झाला नाही. समितीने मात्र तिला दोन वर्षं चाचण्या घ्यायला मनाई केली. तिने ती मनाई मान खाली घालून स्वीकारली. ती घरी गेली आणि तीन दिवस झोपून राहिली. मिटल्या डोळ्यांपुढे दुसरा फटकाच येई. पहिल्यापेक्षा तो जास्त नेमका बसला होता, आणि मारताना तिला हलकं वाटलं होतं. टेबलाखाली बसून वाटलं होतं तसंच. हे तिने कोणालाही सांगितलं नाही.

दादाला जन्मभरासाठी केंद्रातून काढलं आणि पुढे न्यायालयाने साडेतीन वर्षांची शिक्षा ठोठावली. निकाल लागेपर्यंत तो जामिनावर घरीच होता.

आई दादाकडेच राहायची. त्या सकाळनंतर आईने शिट्टीबाईचा फोन घेतला नव्हता. वहिनीही दारातूनच सांगे, की सासूबाई झोपल्यात. चौथ्या वेळी गेली तेव्हा दुपार होती आणि दार आईनेच उघडलं. ती आत वळली. शिट्टीबाई तिच्यामागून स्वयंपाकघरात गेली. आईने चहा ठेवला. तिचा डावा हात कोपरातून पुरा सरळ होत नसे, त्यामुळे ती भांडं नेहमी अंगाशी धरून उचली. तशीच तिने दोघींना चहा ओतला आणि समोर बसली.

पहिल्यांदा तिने दाताचं विचारलं. बसवला का. बसवला, शिट्टीबाई म्हणाली. मग आई हळू आवाजात म्हणाली, “तुला यातलं कळतं. खरं सांग. त्याचा हात बरा होईल का?”

“चमचा धरता येईल. सहा महिन्यांनी गुंड्या लावता येतील. मूठ पुरती वळणार नाही, आई. कधीच.”

आईने कप उचलला, एक घोट घेतला, परत ठेवला.

“बरं झालं,” ती म्हणाली. आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, पदर तोंडात कोंबून, जशी ती पूर्वी रडायची. शिट्टीबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. आईने तिला जवळ घेतलं नाही, पण दूरही लोटलं नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं. दादा चौकटीत उभा होता. दाढी वाढलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये, सदऱ्याची एक बाही नुसती खांद्यावर टाकलेली. दोन महिन्यांत तो आक्रसल्यासारखा झाला होता. त्याने ते ऐकलं होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. चहावर साय धरली.

“डावऱ्या बोलतो का?” त्याने विचारलं.

“बोलतो. हळू. रोज जाते मी. काही अक्षरं अडतात अजून.”

“माझ्याबद्दल काही म्हणतो?”

ती खोटं बोलू शकली असती. आईला तेच हवं होतं, तिने डोळे पुसत वर पाहिलं होतं.

“नाही,” शिट्टीबाई म्हणाली. “मी तुझं नाव काढलं की तो हात डोक्यावर घेतो. चालतो तेवढा एक हात.”

दादाने मान हलवली. त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण तो वळला आणि आत गेला. एका हाताने दार लावायला त्याला वेळ लागला. आई मदतीला उठायला लागली, तशी शिट्टीबाईने तिचा हात धरून तिला बसवलं, आणि दोघी ते दार पुरतं लागेपर्यंत तिकडे बघत राहिल्या.